ठरलेल्या खांबापाशी

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी मिरामारच्या किनाऱ्यावरच्या एका पहाटेबद्दल लिहिलं होतं. २०१९ साली गोव्यात पहिल्यांदा हाफ आयर्नमॅन झाली, तेव्हा आमचे हे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी समुद्रात उतरले, ती पहाट. तेवढ्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच देते आहे.

ज्यांना या शर्यतीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, यालाच ट्रायथलॉन म्हणतात; मध्ये कपडे-बूट बदलतानाही घड्याळ चालूच असतं. पूर्ण आयर्नमॅनला ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं. हाफला याच्या निम्मं. ही निम्मी अंतरं मैलांत मोजली की बेरीज ७०.३ येते, म्हणून पोरं तिला ‘सेव्हंटी पॉइंट थ्री’ म्हणतात.

मी कोल्हापूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. स्वतः अशी शर्यत केलेली नाही. रस्त्याच्या कडेला मात्र अकरा वेळा उभी राहिले आहे, सात वेळा यांच्यासाठी आणि चार वेळा मुलीसाठी. पुढे जे सांगते ते त्या उभं राहण्यातून आलेलं आहे.

*

“माझा नवरा ४७ वर्षांचा आहे. यंदा गोव्याची हाफ आयर्नमॅन करणार आहे. सोबत मी, नऊ वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. इतके तास आम्ही तिथे करायचं काय? तो आम्हाला दिसणार कधी? आणि खरं सांगू का, वर्षभर पहाटे चारचा गजर आणि प्रत्येक रविवार सायकलीचा, याचा माझ्या मनात राग साठलाय. तो मनात ठेवून टाळ्या वाजवता येतील का मला?” (एक वाचक, सातारा)

ताई, आधी वेळेचं बघू, कारण वेळ हातात आली की निम्मी धास्ती जाते.

या शर्यतीला सर्वसाधारणपणे साडेआठ तासांची मुदत असते. त्यातही टप्पे आहेत: पोहणं एक तास दहा मिनिटांत, सायकल संपेपर्यंत एकूण साडेपाच तास, आणि उरलेल्या वेळात धावणं. यंदाच्या नेमक्या वेळा सहभागी होणाऱ्यांना मिळणाऱ्या माहितीपत्रकात असतात. ते पत्रक नवऱ्याकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. त्याने तोंडी सांगितलेल्यावर राहू नका, त्या आठवड्यात त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. मग त्याच्यासमोर बसून एका कागदावर लिहा: पोहायला तुला किती लागतील, सायकलला किती, धावायला किती. प्रत्येक आकड्यापुढे ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ असे दोन रकाने करा. हा कागद तुमच्या पर्समध्ये राहू द्या. फोनची बॅटरी उतरते आणि गर्दीत नेटवर्कही जातं.

पोहायला उतरताना त्याला ओळखणं कठीण आहे. सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, डोळ्यांना गॉगल, आणि अंधुक उजेड. मी यांना ओळखलं ते डाव्या कोपरावरून. तरुणपणी मोडलेला तो हात हे जरा बाहेर काढूनच चालतात. पाण्यात शिरल्यावर मात्र ते अंगही दिसेनासं झालं. लाटांवर नुसत्या टोप्या हलत होत्या. तेव्हा नवऱ्याला पाण्यात शोधत बसू नका. पाण्यातून बाहेर येण्याच्या वाटेवर जागा धरा. तिथे माणूस गॉगल कपाळावर चढवून, खोकत, धापा टाकत येतो, चेहरा पूर्ण दिसतो, आणि समुद्र पार पडल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर इतका उघडा असतो की तुमच्या मुलीने तो बघितलाच पाहिजे.

सायकलीच्या वेळी मात्र रस्त्यावर तिष्ठत राहू नका. तो ताशी सत्तावीसच्या वेगाने जरी गेला तरी तुमच्या डोळ्यांसमोरून जायला पाच-सहा सेकंद लागतात. त्या तीन-साडेतीन तासांत एकदा दोनदा दिसला तर दिसला. हीच वेळ सासूबाईंना खोलीवर नेऊन अंग टेकू देण्याची आणि सगळ्यांनी पोटभर खाण्याची. रस्ते पहाटेपासून बंद असतात, गाडी मध्येच हलवता येत नाही, म्हणून मिरामारपासून पायी जाण्याच्या अंतरावरच राहायची सोय बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. घडीचं स्टूल, मोठी छत्री, पाणी, भडंग आणि दशम्या बरोबर असू द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं गोव्याचं ऊन सकाळी नवाला बाराचं वाटतं.

धावायला तो येईल तेव्हा सूर्य डोक्यावर असेल, आणि खरी गरज तिथेच आहे. तोवर त्याच्या अंगात काही उरलेलं नसतं. वेग कमी असतो, त्यामुळे तुम्हाला तो लांबून येताना दिसतो, तुमची नजरानजर होते, दोन वाक्यं बोलता येतात. बहुतेक घरचे लोक अंतिम रेषेपाशी जाऊन बसतात. तिथे ढोल, संगीत, निवेदक सगळं असतंच. तुम्ही नसलात तरी तो ती शेवटची शंभर पावलं जाईलच. तुम्ही उभ्या राहा दोन-तीन किलोमीटर अलीकडे, जिथे कुणीच उभं नाही, सावली नाही, आणि जिथून माणसाला चालत जावंसं वाटतं.

आणि जी जागा ठरवाल तिथून हलू नका. हे मी अनुभवाने सांगते. २०१९ साली धावण्याच्या मार्गावरच्या एका वळणावर दिव्याचा खांब होता. “त्या खांबापाशी थांब,” असं यांनी आदल्या संध्याकाळी चालत जाऊन दाखवलं होतं. मी थांबले. ते आले, बघून हसले, गेले. शेवटच्या फेरीपर्यंत ऊन इतकं चढलं की मी समोरच्या झाडाखाली सरकले, पन्नास-साठ पावलं असतील. तिथून मला ते येताना दिसले. खांबाजवळ आले, थबकले, आधी खांबाकडे आणि मग मागे वळून बघितलं. मी जिवाच्या आकांताने हाक मारली, पण जवळच ताशा वाजत होता. ते चालायला लागले. तोपर्यंत धावत होते, तिथून चालायला लागले.

शर्यत पूर्ण केली त्यांनी. पदक गळ्यात, अंगावर चंदेरी कागद, कपाळावर आणि कानामागे घामाच्या मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले. मी गालाला हात लावला तर बोटांना रवा लागावा तसं खरखरीत लागलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “शेवटच्या फेरीला तू नव्हतीस.” तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं. त्यानंतर आजवर मी जागा सोडलेली नाही. सावलीला जायचं तर मुलीला तिथे उभी करून जाते.

काय बोलायचं, हेही ठरवून ठेवा. “झालंच आता, थोडंच राहिलं” असं अंदाजाने म्हणू नका. त्याला नक्की माहीत असतं किती राहिलंय, आणि तुमचं ‘थोडं’ त्याला खोटं वाटतं. “दमलास का?” हा प्रश्नही नको. आकडा सांगा: “साडेसहा किलोमीटर राहिले, हातात एक तास दहा मिनिटं आहेत.” डोकं चालेनासं झालेल्या माणसाला हा हिशेब आयता मिळाला की फार उपयोग होतो. नाहीतर नाव घ्या आणि जे दिसतंय ते म्हणा: “पाय छान पडतायत.” खरंच छान पडत असतील तरच.

आता रागाचं. ताई, तो राग खरा आहे आणि तो गिळून गोव्याला जाऊ नका. मी गेले होते, आणि पहाटे टायरमध्ये हवा भरायच्या पंपावरून आमचं वाजलं. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सराव मुद्दाम कमी करतात, ‘टेपर’ म्हणतात त्याला. त्या दिवसांत माणूस घरी असतो, थोडा चिडचिडा असतो, पण असतो. त्यातली एक संध्याकाळ घ्या आणि सांगा: या वर्षात घर मी एकटीने ओढलंय, मुलीचे अभ्यास, आईंची औषधं, गावाकडची लग्नं सगळं मी बघितलंय. आणि मागा. शर्यतीनंतरच्या दोन महिन्यांचे सगळे रविवार घराचे, त्यातला एक पूर्ण तुमचा एकटीचा. हे कबूल करून घ्या, मग टाळ्या वाजवायला जा. त्या मनापासून वाजतील, मला खात्री आहे.

आदल्या रात्री त्याला मासे खाण्याचा आग्रह करू नका. वरण-भात, दही-भात, रोज खातो तेच. मासे दुसऱ्या दिवशी.

*

“मुलाच्या पहिल्या ट्रायथलॉनला मी त्याच्यासोबत पन्नास पावलं धावलो आणि पाण्याची बाटली पुढे केली. कार्यकर्त्यांनी मला अडवलं, मुलगाही माझ्यावरच ओरडला. स्वतःच्या मुलाला पाणी पाजणं हा गुन्हा कसा?” (एक वडील, नाशिक)

काका, गुन्हा नाही, पण त्या बाटलीमुळे तुमचा मुलगा बाद होऊ शकला असता. म्हणून तो ओरडला. बाहेरच्या कुणाकडूनही खाणं, पाणी, सायकलीचं सामान घ्यायचं नाही आणि कुणी सोबत धावून वेग राखून द्यायचा नाही, असा या शर्यतीचा नियम आहे. पाणी, मीठ, केळी, बर्फ हे सगळं आयोजकांच्या टेबलांवर असतं आणि ते सर्वांना सारखं मिळतं. कुणाच्या घरचे दहा जण आले आणि कुणाचं कुणीच आलं नाही, म्हणून निकालात फरक पडू नये हा त्यामागचा विचार, आणि तो मला पटतो.

तुम्हाला गंमत वाटेल, सुरुवातीला असं नव्हतं. हवाई बेटांवर १९७८ च्या फेब्रुवारीत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण निघाले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. त्या वेळी प्रत्येकाने आपापली मदतीची माणसं आणायची होती. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तेव्हा आपल्या माणसांनीच पाजलेलं नेहमी उपयोगीच पडतं असं नाही.

काही शर्यतींत आजही घरची माणसं लागतातच. तुमच्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तिथे मागे गाडीत मदतीची टीम नसेल तर शर्यतच होत नाही. मिलिंद सोमण यांनी २०१७ साली फ्लोरिडात अल्ट्रामॅन ही याहून लांबची, तीन दिवसांची शर्यत पूर्ण केली आणि तीत ते अनवाणी धावले, तिथेही सोबतची माणसं नियमातच धरलेली आहेत. तुमच्या हातांना काम हवं असेल तर मुलाला पुढे तिकडे जाऊ द्या, तिथे बाटली देणारा बापच लागतो.

ट्रायथलॉनमध्ये हात बांधून बघत राहणं हेच अवघड काम आहे. १९८२ साली हवाईमध्येच ज्युली मॉस ही विद्यार्थिनी पहिल्या क्रमांकावर असताना अंतिम रेषेच्या जवळ कोसळली. उठली, पडली, पुन्हा उठली. मागून येणारी पुढे निघून गेली. ज्युली शेवटचं अंतर कुणाचा आधार न घेता रांगत गेली आणि एकोणतीस सेकंदांनी दुसरी आली. आजूबाजूला गर्दी होती. मी त्या गर्दीतल्या लोकांचा विचार करते. नुसतं बघत राहणं त्यांना किती जड गेलं असेल, पण ते शेवटचं अंतर तिनेच कापलं, आणि म्हणून ती जागा तिची स्वतःची राहिली.

आमच्या कोल्हापुरात खासबागेत कुस्ती असली की वस्ताद आखाड्याच्या कडेला उकिडवा बसतो. ओरडून डाव सांगतो, माती मुठीत घट्ट धरतो, पण आत पाऊल टाकत नाही. तसं बसा, काका. आवाजाला बंदी नाही.

मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. मुलगा तुम्हाला ओळखेना, भलतंच बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, भर उन्हात घाम यायचा थांबला, तर थांबू नका. जवळच्या कार्यकर्त्याला किंवा वैद्यकीय पथकाला लगेच सांगा. शर्यत गेली तरी जाऊ द्या. आणि अशा वेळी घाईने भरपूर साधं पाणीही पाजू नका. घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं आणि माणूस जास्त गंभीर होतो. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

*

“मुलगी परदेशात पूर्ण आयर्नमॅन करत होती. आम्ही घरी ॲपवर बघत होतो. तिचा ठिपका चाळीस मिनिटं एका जागी थांबला. माझा रक्तदाब वाढला, तिच्या वडिलांनी आयोजकांना फोन लावले. नंतर कळलं की ती व्यवस्थित होती. पुढच्या वेळी बघूच नये का?” (एक आई, सांगली)

बघा, पण तो ठिपका म्हणजे मुलगी नव्हे हे लक्षात ठेवून बघा.

खेळाडूच्या घोट्याला पट्ट्याने एक चिप बांधलेली असते. रस्त्यावर ठरावीक ठिकाणी जाड मॅट अंथरलेल्या असतात. मॅटवरून गेलं की वेळ नोंदली जाते. दोन मॅटच्या मधे मुलगी कुठे आहे हे ॲपला ठाऊकच नसतं. आधीच्या वेगावरून हिशेब करून ते ठिपका पुढे सरकवत राहतं. मुलगी त्या हिशेबापेक्षा मागे पडली की ठिपका पुढच्या मॅटपाशी जाऊन थांबतो आणि तिची वाट बघतो. पंक्चर असेल, लघवीला थांबली असेल, वारा समोरून लागला असेल. कधी मॅटवरून जाऊनही नोंद उशिरा चढते.

माझी मुलगी पश्चिम ऑस्ट्रेलियात बसलटनला गेली होती. समुद्रात आत गेलेला जवळजवळ दोन किलोमीटर लांब लाकडी धक्का आहे तिथे, त्याला वळसा घालून पोहायचं. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे आपल्या पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरुवात. मी तीनला उठून आंघोळ करून बसले होते. पोहणं झालं, सायकलही निम्मी झाली, आणि मग ठिपका थांबला. मी ओट्यापाशी उभी राहून कोथिंबीर निवडायला घेतली. दोन जुड्या पानन्‌पान निवडल्या, मग काड्याही एकसारख्या लावल्या. ठिपका हलला तेव्हा दिवस चांगला वर आला होता. पंक्चर झालं होतं आणि नवी ट्यूबही चिमटली गेली होती, दोनदा काढावी लागली. तिकडे ती रस्त्याकडेला टायर बसवत गाणं म्हणत होती म्हणे.

तेव्हापासून आमच्या घरी पद्धत ठरली आहे. फोन एकाच्याच हातात. पोहणं संपलं, सायकल संपली, धावणं निम्मं झालं आणि शर्यत संपली, असे चारच निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. मधे कुणी विचारायचं नाही. आयोजकांना फोन करायचा नाही. काही गंभीर झालं तर तेच करतात, नोंदणीच्या वेळी तुमचा नंबर त्यासाठीच घेतलेला असतो. तो नंबर बरोबर लिहिलाय ना, देशाच्या कोडसकट, एवढं मुलीला आधी विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

आणखी एक सुचवते. ज्या गावी शर्यत आहे तिथे आपलं माणूस कुणी निघतं का बघा. आमच्या शेजाऱ्यांची भाची पर्थला. तिने मुलीला कधी बघितलेलंही नव्हतं. दोन लहान मुलांना गाडीत घालून, सव्वादोनशे किलोमीटर गाडी चालवत बसलटनला आली आणि रस्त्याकडेला उभी राहून ओरडली, “चल गं पोरी, कोल्हापूर बघतंय!” मुलगी सांगते, तेहेतीस किलोमीटर झाले होते, मराठी कानावर पडलं आणि तिला रडू फुटलं. रडतच पुढचे चार किलोमीटर धावली. त्या भाचीला मी दर दिवाळीला चकल्या पाठवते.

*

“माझे पती गेल्या वर्षी सायकलच्या कटऑफला, म्हणजे ठरलेल्या मुदतीला, सहा मिनिटं कमी पडले. त्यांना धावूच दिलं नाही. तेव्हापासून सायकल गॅलरीत चादरीखाली आहे. नातेवाईक विचारतात, ‘काय झालं मग आयर्नमॅनचं?’ घरात तो विषय कुणी काढत नाही. मी काय करू?” (एक वाचक, पुणे)

आमच्याकडेही हे झालंय. २०२२ साली, गोव्यातच. २०१९ नंतर दोन वर्षं महामारीमुळे शर्यत झालीच नव्हती. हे तोवर साठीच्या उंबरठ्यावर आले होते, आणि त्या दिवशी वारा अंगावर येत होता. सायकल आणून ठेवली तोवर वेळ संपली होती. कार्यकर्त्या मुलीने त्यांच्या घोट्याची चिप सोडवली. ती मुलगी वीस-एकवीस वर्षांची असेल. खाली वाकून, हलक्या हाताने तिने तो पट्टा काढला आणि “सॉरी, अंकल” म्हणाली. तिचा तो हलका हात मला अजून आठवतो.

त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. म्हणाले, “जाऊ दे हो, तब्येत महत्त्वाची.” मग म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” दोन्ही वाक्यं माझ्या मनाच्या समाधानासाठी होती. आंबोलीचा घाट चढून आजरा येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. आजऱ्याला चहाला थांबलो. कपात बघत म्हणाले, “पोहणं कसं झालं, ते कुणी विचारलंच नाही.”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पोहले होते. समुद्र खवळलेला, शंभरेक मीटरवर एक माणूस घाबरून होडीला धरून राहिलेला, आणि हे श्वास मोजत वळणाच्या खुणेच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून आले होते. मी चहा दुसऱ्यांदा मागवला आणि म्हटलं, सांगा. कोल्हापूर येईपर्यंत ते बोलत होते.

तेव्हा ताई, चादर ओढून काढू नका आणि ‘पुढच्या वर्षी’ हा शब्दही तूर्त नको. एखाद्या संध्याकाळी दोघंच असताना विचारा, पाण्यात कसं वाटलं होतं? नव्वद किलोमीटर सायकल चालवली, त्यात कुठला चढ लागला, कुठे पाय भरून आले? ते केलेलं आहे त्यांनी. सहा मिनिटांनी ते पुसलं जात नाही. आधी त्यांना ते कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू द्या, मध्ये न अडवता. तुम्ही धीर द्यायची घाई करू नका.

नातेवाइकांना काय सांगायचं ते त्यांनाच विचारून ठरवा, आणि दोघांनी एकच वाक्य सांगा. “पोहणं आणि सायकल पूर्ण झाली, सायकलला सहा मिनिटं जास्त लागली, म्हणून धावता आलं नाही.” यात लपवण्यासारखं काही नाही. आपण जितकं सरळ सांगतो तितकं समोरचा कमी खोदतो.

सायकलचं विचाराल तर एक छोटं काम करा. चेन गंजू देऊ नका. चादरीखालीच राहू दे, पण महिन्यातून एकदा फडक्याने पुसून चेनला तेलाचे दोन थेंब सोडा. त्यांना न सांगता केलंत तरी त्यांच्या लक्षात येईल.

*

“माझी आई ट्रायथलॉन करणार आहे. ती चाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली, रोज पहाटे राजाराम तलावावर जाते. मी तेरा वर्षांचा आहे. फलकावर काय लिहू? हलगी आणली तर चालेल का? शेवटी तिचा हात धरून मला तिच्यासोबत रेषा ओलांडता येईल का?” (इयत्ता आठवी, कोल्हापूर)

बाळा, तुझं शेवटचं आधी सांगते. नाही. बऱ्याच शर्यतींत घरच्यांनी सोबत रेषा ओलांडली तर खेळाडू बाद होतो. आईने माहितीपत्रकात बघितलं असेल, तिला विचार. तू रेषेच्या पलीकडे, जिथे घरच्यांना सोडतात तिथे उभा राहा. पदक घालून ती पहिली तुझ्याकडेच येईल. तिला घट्ट मिठी मार, पण हळू मार, अंग ठणकत असतं.

हलगी जरूर आण, पण रस्त्याच्या कडेला, सायकली जिथे जोरात वळतात तिथून लांब. सगळ्यांसाठी वाजव. शेवटी शेवटी येणारे असतात ना, ज्यांच्यासाठी कुणीच थांबलेलं नसतं, त्यांच्यासाठी जास्त वाजव. आईची शर्यत संपली तरी त्यांच्यासाठी थोडा वेळ थांबायचं.

फलकावर दोन किंवा तीनच शब्द लिही, काळ्या जाड अक्षरांत, पिवळ्या कार्डशीटवर. धावताना घामाने डोळे चुरचुरतात, लांबलचक वाक्य वाचता येत नाही. ‘आई, हाण!’ इतकं पुरे. कार्डशीटच्या मागे काठी लाव, नाहीतर समुद्राच्या वाऱ्याने दुमडतं.

आणि आदल्या संध्याकाळी आईसोबत त्या रस्त्यावर चालत जा. तिला विचार, मी डाव्या हाताला उभा राहू की उजव्या? कुठल्या खांबापाशी? ती दाखवेल तिथे खडूने खूण कर. दुसऱ्या दिवशी तिथेच उभा राहा. तहान लागली आणि पाणी आणायला जायचं झालं, तर फलक आजीच्या हातात देऊन, तिला खुणेवर उभी करून मगच जा.